दर्या, दऱ्या आणि अपग्रेड

२०२१ च्या जानेवारीत लालबागमधल्या एका लहानशा पतपेढीचे सभासद-नोंदीचे सॉफ्टवेअर मी डॉटनेट कोअर ३.१ वरून डॉटनेट ५ वर नेले. शनिवारी काम उरकले. सोमवारी दुपारी तिथल्या काकांचा फोन. ‘अहो, लेबलांवर सगळ्यांची नावं पत्त्यात घुसलीत.’ सभेच्या नोटिसा टपालाने जायच्या होत्या आणि प्रत्येक लेबलाच्या पहिल्या ओळीत नाव, खोली, चाळ, गल्ली, पिनकोड असा सगळा संसार एकाच रेघेत कोंबला गेला होता. कागद संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते.

प्रोग्रामची एकही ओळ मी बदललेली नव्हती. नाव आणि पत्ता एकाच रकान्यात होते, मध्ये ओळ मोडलेली. प्रोग्राम ती मोड शोधायचा, तिच्या आधीचा मजकूर ठळक छापायचा आणि उरलेला खाली. शनिवारपर्यंत मोड सापडत होती, सोमवारी सापडेना. रकान्यात डोळ्यांना दिसत होती, कर्सर तिथे बरोबर खाली उडी मारत होता, पण प्रोग्रामचे उत्तर एकच, ‘उणे एक’. म्हणजे नाही.

ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. फ्रेमवर्क, डेटाबेस किंवा नुसती ऑपरेटिंग सिस्टीम वर चढवली आणि दोन शब्दांच्या तुलनेचा निकालच फिरला, हे गेल्या सात-आठ वर्षांत जगभर झाले आहे. मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना तर ते जास्त टोचते, आणि त्याची कारणे अर्धी यंत्रात, अर्धी आपल्या बाराखडीत आहेत.

आधी डॉटनेट, हे मायक्रोसॉफ्टचे फ्रेमवर्क. विंडोजवर चालणारे डॉटनेट शब्दांची तुलना करताना पूर्वी विंडोजच्याच घरच्या नियमांवर, म्हणजे एनएलएसवर, विसंबून असायचे. लिनक्स आणि मॅकवर तेच काम आयसीयू नावाची लायब्ररी करायची. परळमध्ये हा शब्द उच्चारला की लोक केईएम किंवा टाटा रुग्णालयाच्या दिशेने बघतात, पण इथे आयसीयू म्हणजे इंटरनॅशनल कम्पोनन्ट्स फॉर युनिकोड. आयबीएमने १९९९ मध्ये खुली केलेली आणि २०१६ पासून युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली असलेली ही लायब्ररी. जगातल्या शेकडो भाषांचे वर्णक्रम, तारखा लिहिण्याच्या पद्धती, अनेकवचनांचे नियम तिच्यात भरलेले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉटनेट ५ आले आणि मायक्रोसॉफ्टने ठरवले की आता विंडोजवरही आयसीयूच. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून डॉटनेट ५ ला लागणारी आयसीयू विंडोजमध्येच येत होती, त्यामुळे तिला वेगळे बसवायचीही गरज नव्हती. हेतू चांगला होता. एकच प्रोग्राम दादरच्या विंडोज पीसीवर एक आणि सर्व्हरच्या लिनक्सवर दुसरे उत्तर देतो, हा जुना वैताग त्याने संपणार होता.

माझी लेबले कशी बिघडली, ते आता सांगता येईल. विंडोजमध्ये ओळ मोडताना दोन चिन्हे लागोपाठ जातात. एक गाडी मागे आणणारे, एक कागद वर सरकवणारे. दोन्ही टाइपरायटरच्या काळातली. आयसीयूच्या नजरेत ही जोडी मिळून एकच अक्षर ठरते. एखाद्या अक्षराचे पोट फाडून त्यातला अर्धा भाग शोधू नये, असा तिचा नियम. मी शोधत होतो नुसते दुसरे चिन्ह. ते सुटे कुठेच नव्हते, म्हणून उत्तर ‘नाही’. एनएलएस असा विचार करत नसे. ती सरळ सातव्या जागी आहे, बाराव्या जागी आहे असे सांगून मोकळी व्हायची.

इथपर्यंत समजून घेता येते. खरी खटकणारी गोष्ट पुढे आहे. त्याच डॉटनेटमध्ये ‘हा तुकडा यात आहे का’ असे विचारणारे एक फंक्शन आहे आणि ‘कितव्या जागी आहे’ असे विचारणारे दुसरे. पहिले फक्त आकडे जुळवते. प्रत्येक अक्षराच्या मागचा जो अंक आहे तो तसाच आहे का एवढेच पाहते. दुसरे, तुम्ही काही न सांगितल्यास, भाषेचे नियम लावते. परिणाम असा की पहिले म्हणते ‘आहे’, दुसरे म्हणते ‘कुठेच नाही’. एकाच खोलीतल्या एकाच वस्तूबद्दल. शिवाय दुसऱ्याला शब्दाऐवजी एकच सुटे अक्षर दिले तर तेही आकड्यांवर येते आणि बरोबर जागा सांगते. ‘समान आहे का’ हे आकड्यांवर, ‘सुरुवात याने होते का’ हे भाषेवर. हा घोळ डॉटनेट ५ ने घातलेला नाही. तो पहिल्यापासूनचा आहे. एनएलएसच्या सैल स्वभावामुळे इतकी वर्षे तो झाकून राहिला, इतकेच. माझे मत विचाराल तर आयसीयू आणण्याचा निर्णय योग्य, पण त्याच दिवशी न सांगता भाषेचे नियम लावण्याची ही खोड मोडायला हवी होती. जुने प्रोग्राम मोडतील म्हणून ती ठेवली आणि जुने प्रोग्राम मोडलेच.

मायक्रोसॉफ्टने पळवाटही ठेवली. एक सेटिंग चालू केले की विंडोजवर पुन्हा एनएलएस. दुसरे सेटिंग लावले की कुठलीच भाषा नको, सगळे आकड्यांवर. लिनक्सच्या अगदी हलक्या कंटेनरमध्ये आयसीयू नसतेच, तिथे ती वेगळी बसवल्यावाचून किंवा हे दुसरे सेटिंग लावल्यावाचून प्रोग्राम उभाच राहत नाही. मी पहिल्या रात्री पळवाटच वापरली, हे कबूल करतो. नोटिसा जायच्या होत्या. नंतर तीन रविवार बसून प्रत्येक तुलनेपुढे ‘आकड्यांवर’ की ‘भाषेवर’ हे लिहून काढले. ज्या जागांवर हे लिहिलेले नसते त्या दाखवून देणारे विश्लेषक डॉटनेटसोबतच येतात, त्यांनी माझ्या प्रोग्रामात दोनशेच्या वर जागा काढल्या. त्यातल्या बऱ्याच मी स्वतःच, वर्षांपूर्वी, काहीही विचार न करता लिहिलेल्या.

हा दंगा एकट्या डॉटनेटचा समजू नये. त्याच नोव्हेंबरमध्ये पीएचपी ८ आले. पीएचपी ७ मध्ये शून्य हा आकडा आणि ‘परळ’ हा शब्द समान आहेत का असे विचारले तर उत्तर ‘हो’ असे मिळे, कारण शब्दाचा आकडा करायला गेले की परळचा शून्य होई. आठव्या आवृत्तीने हे बंद केले. परळकरांवरचा अन्याय दूर झाला म्हणायचा. पण ज्यांचे प्रोग्राम नकळत त्या ‘हो’वर उभे होते ते कोसळले. पायथन २ कडून ३ कडे जाताना साध्या बाइट्सचा शब्द आणि युनिकोडचा शब्द समान ठरणे थांबले. आणि २०२३ ची जावा २०: इंग्रजी वेळेत मिनिटे आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या मोकळ्या जागेऐवजी एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. डोळ्यांना काडीचा फरक नाही. कारण हेच, भाषांच्या सवयींची सीएलडीआर नावाची जी सामायिक वही आहे तिच्या ४२ व्या आवृत्तीत कुणीतरी टंकलेखनाच्या दृष्टीने योग्य तीच सुधारणा केली होती. दोन वेळा जुळवून पाहणाऱ्या चाचण्या जगभर लाल झाल्या, आणि क्रोम ब्राउझरवाल्यांनी तर जुनी मोकळी जागा परत आणली.

या सगळ्यांत निदान बिघाड दिसतो. डेटाबेसमध्ये तो दिसत नाही, आणि माझ्या लेखी सर्वांत धोक्याचा प्रकार तोच.

नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत ज्यांनी कार्डांचे ड्रॉवर पाहिले असतील त्यांना हे चटकन कळेल. कार्डे वर्णक्रमाने लावलेली. ‘क्षितिज’ शोधायचे तर ग्रंथपाल पहिल्या ड्रॉवरपासून सुरुवात करत नाही. अंदाजाने एक ड्रॉवर ओढतो, पुढे की मागे ते पाहतो, पाच-सहा हालचालींत कार्ड हातात. डेटाबेसचा इंडेक्स हेच करतो. आता समजा रातोरात नवा ग्रंथपाल आला. त्याच्या गावी क्ष सगळ्यात शेवटी. कार्डे मात्र जुन्या माणसाने क च्या पोटात लावलेली. नवा सरळ शेवटचा ड्रॉवर ओढेल, कार्ड दिसणार नाही, आणि प्रामाणिकपणे सांगेल, ‘हे पुस्तक आपल्याकडे नाही.’ मग तो नवे कार्ड करून शेवटी लावेल. एकाच पुस्तकाची दोन कार्डे, आणि दोघांपैकी कुणीही चुकलेले नाही.

पोस्टग्रेसच्या बाबतीत नेमके हे झाले. हा डेटाबेस वर्णक्रमासाठी लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीवर अवलंबून असायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि तिने आपले वर्णक्रमाचे सगळे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकाशी नव्याने जुळवून घेतले. जुन्या नियमात आडवी रेघ, स्वल्पविराम असली चिन्हे पहिल्या फेरीत मोजतच नसत. नव्यात मोजू लागले. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले ‘११’ आणि ‘१-१’ घ्या. जुन्या लिनक्सवर ‘११’ आधी, नव्यावर ‘१-१’ आधी. आमच्या भागातल्या खोल्यांचे नंबर आठवून पाहा: ‘बी-१२’, ‘बी१२’, ‘३/१४’, ‘३-१४’. बहुतेक पत्त्यांत एक रेघ. डेबियन १० आणि रेड हॅट ८ या २०१९ च्या आवृत्त्यांवर ज्यांनी जुना डेटा तसाच उचलून नेला, त्यांचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही. असलेला सभासद ‘नाही’ म्हणून परत येतो, आणि ज्या रकान्यात एक नंबर एकदाच येऊ शकतो तिथे तो दोनदा शिरतो. उपाय म्हणाल तर सगळे इंडेक्स पुन्हा बांधणे, एवढाच. पण तो करायचा हे माहीत पाहिजे, आणि डेटाबेसची आवृत्ती न बदलता खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणाऱ्याला ते माहीत असण्याचे कारण काय?

पोस्टग्रेसमध्ये याला वाट आहे. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयूचे वर्णक्रम वापरता येतात आणि ते कोणत्या आवृत्तीचे होते याची नोंद राहते. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत तर बाहेरच्या कुणावर अवलंबून नसलेला, आकड्यांचा स्वतःचा क्रमही आला. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची वाट निराळी. २०१८ च्या एप्रिलमधल्या ८.० ने नव्या तक्त्यांसाठी ठरलेला वर्णक्रम बदलला. जुने तक्ते जुन्याच नियमावर राहिले, नवे नव्यावर, आणि दोन्ही जोडायला गेले की ‘वर्णक्रमांची बेकायदा सरमिसळ’ अशा अर्थाचा एरर. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा जुन्या नियमात मोजत नसत, नव्यात मोजतात. टायपिस्टच्या अंगठ्याची सवय अशी थेट डेटाबेसच्या नियमांपर्यंत पोचते.

मायएसक्यूएलच्या या नव्या क्रमाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो अक्षरावरच्या खुणा मानत नाही. फ्रेंच माणसाला ते सोयीचे. मराठी माणसाला नाही, कारण आपल्याकडे एक खूण अशी आहे की तिच्यावाचून समुद्र आणि डोंगरातल्या घळी वेगळ्या करता येत नाहीत.

दर्या आणि दऱ्या. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले. लग्नाच्या हॉलवर दोघेही लागतात, पण कामे वेगळी. हा जो डोळ्याच्या पापणीसारखा वाकडा र आहे तो मराठीला हवाच. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साध्या र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. कागदावर दोन्ही एकसारखे. कोणत्या कीबोर्डवर टाइप केले त्यावर कोणती वाट घेतली गेली ते ठरते, आणि टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आता तुलना लावा. आकड्यांवर गेलात तर दोन वाटांनी लिहिलेला एकच ‘दऱ्या’ म्हणजे दोन निरनिराळे शब्द. शोध लागणार नाही. भाषेच्या नियमांवर गेलात तर अदृश्य जोडचिन्ह आयसीयू मुळी खिजगणतीतच धरत नाही. त्या वाटेने लिहिलेला ‘दऱ्या’ आणि समुद्र असलेला ‘दर्या’ एकच ठरतात. नुक्त्याच्या वाटेने लिहिला असेल तर दुसऱ्या फेरीत फरक कळतो, पण मायएसक्यूएलचा तो नवा क्रम दुसरी फेरी घेतच नाही. म्हणजे एकाच शब्दजोडीची समान-असमान अशी सगळी उत्तरे मिळू शकतात: कोणता कीबोर्ड, कोणता डेटाबेस, कोणते फंक्शन यावर. यातली एकही चूक म्हणून नोंदवता येत नाही, कारण जो तो आपल्या नियमाप्रमाणेच वागतो आहे.

नुक्त्याच्या ऱ चेही पुन्हा दोन प्रकार आहेत, अखंड एक अक्षर किंवा र आणि वेगळा नुक्ता. पण हे दोन युनिकोडने अधिकृतरीत्या समान मानलेले आहेत आणि मजकूर आत घेताना प्रमाणरूपात आणला की भांडण मिटते. मॅकच्या जुन्या फाइल सिस्टीमवर फाइलच्या नावातला अखंड ऱ आपोआप फोडला जायचा, तेव्हा नावाने फाइल शोधणारे प्रोग्राम गोंधळायचे. असो.

ॲ चे भांडण मात्र मिटत नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोकांनी काय करायचे? अ घेतला, त्यावर चंद्र ठेवला. काहींनी हिंदीच्या कीबोर्डवर मिळणारा ऍ वापरला. तिन्हींचा उच्चार तोच, पण तिन्हींना समान म्हणणारा एकही अधिकृत नियम नाही. प्रमाणरूपात आणूनही ते तीनच राहतात. पतपेढीच्या यादीत वकील बरेच, आणि प्रत्येकाच्या नावाआधी ‘ॲड.’ लावलेले, कारण नोंद करणाऱ्याला ते सोडून चालत नाही. जी यादी मी आकड्यांच्या क्रमाने लावत होतो तिच्यात अ-वर-चंद्रवाले वकील पहिल्या पानावर आणि नव्या ॲ चे वकील शेवटच्या पानावर, ह च्याही खाली. ॲ ला मिळालेला आकडा ह च्या कितीतरी पुढे आहे ना. काकांनी एकदा विचारले होते, हे खालचे वकील नवीन आहेत का. एका अर्थाने त्यांचे बरोबर होते. नोंदी नवीन होत्या.

तरी आकड्यांचा क्रम मराठीला अगदीच परका नाही, हेही सांगितले पाहिजे. युनिकोडची देवनागरी ही भारतीय मानकाच्या, इस्कीच्या, मांडणीवरून घेतलेली. त्यात अनुस्वार आधी, मग व्यंजने, मग काना-मात्रा, मग हलन्त. म्हणून ‘अंक’ हा शब्द ‘अकबर’च्या आधी येतो. मराठी विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीनेच सुरू होतो. विश्वकोशाने वापरलेली परंपरा आणि संगणकाचे आकडे इथे योगायोगाने हातात हात घालून चालतात.

बिनसते ते ळ, क्ष, ज्ञ पाशी. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलेला आहे. शाळेत मात्र आपण घोकतो ह, ळ, क्ष, ज्ञ. दिल्लीला हा प्रश्न पडत नसेल. पण परळ, वरळी, चिंचपोकळी, काळाचौकी, काळबादेवी, आणि शिवाय जिथे तिथे चाळ. ळ सोडून आमच्या भागातला पत्ताच लिहून होत नाही. रेल्वेच्या पाटीवर हिंदीत परेल आणि मराठीत परळ असते, तेही शोधणाऱ्याने लक्षात ठेवायचे.

क्ष आणि ज्ञ यांच्याबद्दल तर आपल्यातच एकमत नाही. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात क्ष हे जोडाक्षर म्हणून क च्या पोटात आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला ठरवून दिली ती १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने अशी. ॲ आणि ऑ यांना त्यात स्वर म्हणून हक्काची जागा मिळाली. सीएलडीआरच्या वहीतले मराठीचे पान शाळेच्या बाजूने आहे: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. म्हणजे प्रोग्रामला ‘मराठी’ असे सांगितले की क्षीरसागर यादीच्या तळाशी. काहीच न सांगता आकड्यांवर सोडले की खरातांच्या आधी. आयसीयूने मराठीचे नियम आणले म्हणून तक्रार करणारे आपले काही मित्र भेटतात, त्यांना मी एवढेच विचारतो की मग हा क्रम कुणी ठरवायला हवा होता.

मुळात वर्णक्रम, शब्दांची समानता हे आपल्याकडेही कधी स्थिर नव्हते. काळबादेवीच्या अंगाला जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात, १८६९ नंतरच्या काळात, जुळाऱ्याच्या पुढ्यातल्या केसमध्ये क्ष आणि ज्ञ यांचे स्वतंत्र खिळे असत. जुळाऱ्यासाठी ती स्वतंत्र अक्षरे. क आणि ष जोडण्याचा प्रश्नच नव्हता. मग संगणकावर फॉन्टचा काळ आला. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रे चिकटवलेली, त्यामुळे वर्णक्रम लावला की भलत्याच क्रमाने याद्या निघत. गिरगावात लग्नपत्रिका छापणारे काही जण अजून त्याच फॉन्टांत काम करतात आणि त्यांचे कुठेही अडत नाही, कारण पत्रिकेत कुणी शोधत नाही. अडते ते जुना डेटा युनिकोडमध्ये आणताना. रूपांतर करणारे प्रोग्राम पापणीचा र कधी या वाटेने आणतात, कधी त्या.

आणि गिरगाव हे नावच घ्या. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीचे भाडेपट्टे, जन्मदाखले, सोसायट्यांची दप्तरे ‘गिरगांव’ म्हणतात, पुढची ‘गिरगाव’. जुन्या पाट्यांवरही ते टिंब अजून दिसते. दोन्ही एकच गाव आहे हे माणसाला सांगावे लागत नाही. यंत्राला कोणताही वर्णक्रम हे सांगू शकणार नाही, कारण ‘गांव’मधले टिंब काढायचे आणि ‘चिंच’मधले ठेवायचे हा निर्णय अक्षरांचा नसून शब्दांचा आहे. फ्रेमवर्कची कुठलीही आवृत्ती आणा. हे अपग्रेड १९६२ चे आहे आणि त्याचा डेटा अजून बदललेला नाही.

मग करायचे काय, असे धंद्यातले लोक विचारतात. मी आता दोन कामे वेगळी ठेवतो. खातेक्रमांक, फाइलची नावे, पासवर्ड, ओळ मोडणारी चिन्हे, प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायच्या सगळ्या गोष्टी आकड्यांवर, आणि तसे प्रत्येक ठिकाणी लिहून. माणसाच्या डोळ्यांपुढे जाणारी यादी मराठीच्या नियमांवर, आणि तेही लिहून. मजकूर आत येतानाच प्रमाणरूपात आणायचा. ॲ चे तिन्ही अवतार आणि पापणीच्या र च्या दोन्ही वाटा यांच्यासाठी स्वतःचा एक छोटा तक्ता, कारण ते काम दुसरे कुणी करणार नाही. शोधासाठी वेगळा रकाना, ज्यात ‘गांव’चा ‘गाव’ केलेला असतो. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की इंडेक्स पुन्हा बांधायचे, डेटाबेस तोच असला तरी. आणि चाचण्यांत इंग्रजीतली नमुन्याची नावे टाकायची नाहीत. माझ्या चाचण्यांत आता परळ, दर्या, दऱ्या, ॲड., क्षीरसागर, ज्ञाते, गिरगांव आणि ‘बी-१२’ अशी मंडळी कायमची वस्तीला आहेत. शनिवारी त्या हिरव्या असतील तर सोमवारी फोन येण्याची शक्यता कमी.

तरीही आला. याद्या मराठी क्रमाने लावल्या त्याच आठवड्यात. ‘क्षीरसागर गायब आहेत,’ काका म्हणाले. मी म्हटले, शेवटचे पान बघा, हळदणकरांच्या खाली. थोडा वेळ पाने उलटल्याचा आवाज. ‘आहेत. पण हे इथे कशाला आले? तीस वर्षं क मध्ये होते.’ मी शाळेतली वर्णमाला, २००९ चा शासन निर्णय वगैरे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण ते स्वतः येतात ना पासबुक भरायला, ते क मध्येच बोट फिरवतात.’ 

त्या पतपेढीच्या प्रोग्रामात आजही मराठीच्या नियमांवर एक जादा ओळ आहे. क्ष ला उचलून क च्या शेवटी ठेवणारी. ज्ञ बद्दल अजून कुणी विचारलेले नाही. ज्ञाते शेवटच्या पानावरच आहेत.